मुठीतल्या कवड्या, पटावरचं दान

‘मॅडम, मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. संख्याशास्त्र आवडतं म्हणून घेतलं, पण संभाव्यता वितरणं सुरू झाली आणि सगळं अवघड होऊन बसलं. पुस्तकातली दोनशेच्या वर गणितं सोडवली आहेत. बायनॉमियलच्या धड्यातली बायनॉमियलने सुटतात, प्वासाँच्या धड्यातली प्वासाँने. परवा चाचणीत सगळी मिसळून आली आणि कुठलं सूत्र लावायचं तेच कळेना. वीसपैकी सात मिळाले. रँडम व्हेरिएबलची व्याख्या पाठ आहे, पण खरं सांगायचं तर ती समजलेली नाही. मोठा एक्स आणि छोटा एक्स असे दोन का, हे वर्गात विचारायची लाज वाटते. अजून किती गणितं सोडवू? की हा विषय माझ्यासाठी नाहीच?’
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. विषय तुझ्यासाठी आहे. व्याख्या पाठ आहे पण समजलेली नाही, हे तुझं तुला कळलंय. वर्गात मी अशी कितीतरी मुलं पाहिली, ज्यांना हा फरक निकाल लागल्यावरही कळला नव्हता.

आणि गणितं? या आठवड्यात एकही नको.

तुझ्या पत्रातच दुखणं लिहिलेलं आहे. धड्याच्या डोक्यावर ‘बायनॉमियल’ असं छापलेलं असतं. म्हणजे गणितातला सगळ्यात अवघड निर्णय पुस्तकानेच घेऊन टाकलेला असतो आणि तुझ्या वाट्याला उरते ती आकडेमोड. दोनशे वेळा तू आकडेमोडीचा सराव केलास, निर्णयाचा एकदाही नाही. चाचणीत पहिल्यांदाच निर्णय तुझ्यावर आला. त्या सात गुणांत तुझ्या बुद्धीचं माप नाही. सराव चुकीच्या जागी झाला, एवढंच त्यातून कळतं.

आता कामाला लागू. घरात कवड्या आहेत का बघ, जुन्या सारीपाटाच्या डब्यात असतील. चार पुरेत.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत चल्लस-आठचा डाव रंगायचा. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची, चार कवड्या मुठीत घोळवायच्या आणि टाकायच्या. एक उताणी पडली तर एक घर पुढे, दोन उताण्या तर दोन, तीन तर तीन, चारही उताण्या तर चार. आणि चारही पालथ्या पडल्या तर शून्य नाही, आठ! ते आठचं दान पडलं की अख्खी ओसरी ओरडायची.

यात रँडम व्हेरिएबल कोण? कवडी नाही. उताणं-पालथं पडणंही नाही. कवड्या कशा पडल्या हे पाहून आपण जो आकडा लावतो, तो आकडा लावण्याचा नियम म्हणजे रँडम व्हेरिएबल. यादृच्छिक चल. ‘नमुना अवकाशातून वास्तव संख्यांकडे जाणारं फल’ हे जे तू पाठ केलंयस, ते एवढंच आहे. एका बाजूला कवड्यांची पडण्याची प्रत्येक तऱ्हा, दुसऱ्या बाजूला एक आकडा, आणि मधे डावाचा नियम.

नियम बदलला की चल बदलतो. कवड्या त्याच, तरी बदलतो. हे नुसतं वाचू नकोस, वही काढ. चारही कवड्यांच्या सोळा तऱ्हा एकाखाली एक लिही: उउउउ, उउउपा, उउपाउ, आणि अशाच पुढे. प्रत्येक ओळीसमोर दोन आकडे मांड. पहिला, ‘उताण्या किती’. दुसरा, ‘दान किती’. पंधरा ओळींत दोन्ही आकडे सारखे येतील. सोळाव्या ओळीत, म्हणजे पापापापा, पहिला शून्य आणि दुसरा आठ.

तूर्त असं धरू की कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता अर्धी-अर्धी आहे. ‘उताण्या किती’ची सरासरी, म्हणजे अपेक्षित मूल्य, येतं २. ‘दान किती’चं येतं ४० भागिले १६, म्हणजे २.५. त्या एका ओळीने सरासरी अर्ध्याने वर नेली. आता प्रचरण काढ, म्हणजे तुमचा व्हेरिअन्स. पहिल्याचं येतं १. दुसऱ्याच्या वर्गांची सरासरी ९, त्यातून २.५ चा वर्ग ६.२५ वजा केला की २.७५. सोळातली एक ओळ बदलली आणि पसारा पावणेतीन पट झाला! ओसरीवर आरडाओरडा का व्हायचा ते इथे कागदावर दिसतं. प्रचरण हे सूत्र म्हणून पाठ करण्याआधी असं एकदा तरी हाताने काढून बघावं, असं माझं ठाम मत आहे.

दोन एक्सचा प्रश्न विचारायला लाजू नकोस, तो फार चांगला प्रश्न आहे. मूठ बंद आहे, कवड्या आत खुळखुळतायत, दान किती पडणार ते कुणालाच माहीत नाही, तोवर तो मोठा एक्स. कवड्या फरशीवर पडल्या, तू मोजल्यास, तीन उताण्या निघाल्या, हा तीन झाला छोटा एक्स. तो साधा आकडा आहे, त्यात अनिश्चित काही उरलेलं नाही. ‘मोठा एक्स बरोबर छोटा एक्स याची संभाव्यता’ या विचित्र दिसणाऱ्या वाक्याचा अर्थ इतकाच, की मुठीतलं दान पटावर तीन म्हणून पडण्याची शक्यता किती. मूठ आणि पट. पुढे अनुमानाचे धडे येतील तेव्हा हाच फरक पदोपदी लागेल.

आता ते अर्धी-अर्धी धरलेलं सोडून दे. कवडी म्हणजे काही नाणं नव्हे. तिची पाठ फुगीर, पोट चपटं, त्यामुळे ती उताणी पडण्याची शक्यता अर्धीच असेल असं मानायला काहीच आधार नाही. समज, ती ०.४ आहे. उताण्यांची सरासरी घटून १.६ होते, हे सरळच आहे. मग दानाची सरासरीही घटेल असं वाटतं ना? गणित मांड. चारही पालथ्या पडण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, म्हणजे ०.१२९६. त्याला आठाने गुणलं की १.०३६८. त्यात १.६ मिळवले की २.६३६८. सरासरी वाढली! मनात आलेला अंदाज कागदावर खोटा ठरतो, अशा वेळी घाईने पान उलटू नकोस, तिथेच थांब. अशा दोन-चार जागा सापडल्या की विषय आपला वाटायला लागतो.

मुख्य दुखण्याकडे येते. कुठलं वितरण कधी? वितरण म्हणजे एक्सच्या कुठल्या किमतीची शक्यता किती, याचा तक्ता किंवा सूत्र.

माझं सांगणं एकच आहे. सूत्राला हात लावण्याआधी ‘एक्स म्हणजे…’ हे वाक्य पूर्ण लिहायचं. मराठीत लिही. पेपर इंग्रजीत असला तरी कच्च्या कामाच्या जागी मराठीत लिहायला कुणी अडवत नाही. ‘एक्स म्हणजे आंबे’ हे वाक्य चालणार नाही. ‘एक्स म्हणजे उचललेल्या चार आंब्यांपैकी डागी निघालेल्यांची संख्या’ हे चालेल. वाक्य पूर्ण झालं की बहुतेक वेळा वितरण त्याच वाक्यात बसलेलं सापडतं.

आंब्यांचंच उदाहरण पुरतं बघू. मोठी अढी लागली आहे, हजारो आंबे, आणि दर चारांमागे एक डागी. तू डोळे मिटून चार उचललेस. त्यातले डागी किती? उचलायची संख्या आधीच ठरलेली, प्रत्येक आंबा डागी किंवा चांगला, प्रत्येक वेळी शक्यता जवळपास तीच, आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम नगण्य. म्हणून हे द्विपद, म्हणजे तुमचं बायनॉमियल. चारही चांगले निघण्याची शक्यता ०.७५ चा चौथा घात, ०.३१६४.

आता अढी नाही, डझनाचा खोका आहे. त्यातले तीन डागी. प्रमाण तेच, चारात एक. यातून चार उचलले. वाचायला गणित तंतोतंत सारखं वाटतं, पण इथे प्रत्येक चांगला आंबा उचलला की खोक्यात उरलेल्यांत डागींचा वाटा वाढतो. चारही चांगले निघण्याची शक्यता ४९५ पैकी १२६, म्हणजे ०.२५४५. ०.३१६४ आणि ०.२५४५ यांतला फरक म्हणजे द्विपद आणि हायपरजॉमेट्रिक यांतला फरक. ‘परत न ठेवता’ हे शब्द गणितात दिसले की आधी बघ, ढीग अढीएवढा आहे की खोक्याएवढा.

पुन्हा अढीकडे ये, पण प्रश्न बदल. पहिला डागी आंबा हाती लागेपर्यंत एकेक उचलत राहायचं. एक्स म्हणजे तोवर उचललेले आंबे. आता किती उचलायचे हे ठरलेलं नाही, उलट तेच अनिश्चित आहे. हे झालं जिओमेट्रिक. सरासरी ४ येते, तरी सगळ्यात जास्त शक्यता असलेली किंमत १ आहे. सरासरी म्हणजे ‘बहुधा हेच होईल’ अशी जी समजूत असते, ती इथे मोडते.

आणि आंब्याचं वजन? ते मोजायचं नसतं, मापायचं असतं. नेमकं २५० ग्रॅम, एक कणही इकडेतिकडे नाही, याची संभाव्यता शून्य. तिथे दोन वजनांच्या मधला पट्टा विचारावा लागतो आणि उत्तर वक्राखालच्या क्षेत्रफळात मिळतं. आंबे तेच आणि ढीगही तोच, पण प्रश्नागणिक एक्स वेगळा आणि वितरणही वेगळं. असा एकच प्रसंग घेऊन त्यातून स्वतः चार-पाच एक्स बनवणं, याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही.

एक सावधगिरी. आकडे दिसले म्हणून वितरण बसतंच असं नाही. ‘जुलैच्या एका आठवड्यात कोकणात पाऊस पडलेले दिवस किती’ यात दिवस सात, पडला किंवा नाही पडला, म्हणजे द्विपद, असं चटकन वाटतं. पण पाऊस झड लावतो. आज पडला तर उद्या पडण्याची शक्यता वाढलेली असते, स्वतंत्रपणा गेला. तसंच ‘एसटी स्टँडवर दहा मिनिटांत आलेले प्रवासी’ म्हटलं की मुलं प्वासाँ, म्हणजे ठरावीक वेळेत सुट्या-सुट्या घटना किती घडतात ते सांगणारं वितरण, लिहून मोकळी होतात. प्रवासी एकेकटे, आपापले येत असतील तर ठीक. लग्नसराईत वऱ्हाड एकदम उतरतं, चाळीस माणसं एका दमात, तिथे प्वासाँ कसा बसेल? ‘बसत नाही’ असं कारणासकट लिहिता आलं, तर ते सूत्र लावण्याइतकंच मोलाचं आहे.

प्वासाँ खरोखर बसलेला पाहायचा असेल तर एक जुनं उदाहरण हाताने करून बघ. लाडिस्लाउस फॉन बोर्टकेविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांचे आकडे छापले. त्यातली १० सैन्यदळं आणि २० वर्षं घेतली तर २०० नोंदी होतात. १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन, आणि एका नोंदीत चार. एकूण मृत्यू १२२, म्हणजे सरासरी ०.६१. आता या एकाच आकड्यावरून प्वासाँचं सूत्र लाव आणि २०० ने गुण: १०८.७, ६६.३, २०.२, ४.१, ०.६. खऱ्या नोंदींशेजारी हे आकडे लिहून बघ, अंगावर काटा येतो. प्रत्येक मृत्यू हा कुठल्यातरी घरचा आकांत होता, आणि तरी सगळे मिळून असे रांगेत बसतात. पुढे प्रचरणही काढ. मृत्यूंच्या वर्गांची बेरीज १९६, तिची सरासरी ०.९८, त्यातून ०.६१ चा वर्ग गेला की राहतात ०.६०७९. प्वासाँमध्ये सरासरी आणि प्रचरण सारखे असतात हे तू वाचलं असशील, ते इथे डोळ्यांसमोर उभं राहतं. अर्धा तास लागेल. तो अर्धा तास वीस गणितांच्या बरोबरीचा आहे.

प्रसामान्य वितरणाबद्दल, म्हणजे तुमच्या नॉर्मलबद्दल, थोडंच सांगते, कारण तिथे मुलं विचारात कमी आणि तक्त्यात जास्त चुकतात. तक्ता उघडण्याआधी घंटेचा आकार काढ, मधली रेघ मार, हवा तो भाग पेन्सिलने रंगव आणि उत्तर अर्ध्याहून मोठं येणार की लहान ते शेजारी लिहून ठेव. मगच तक्ता. सरावाला एक खरं उदाहरण देते. दुसऱ्या महायुद्धात जॉन केरिच हे गणितज्ञ डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकले होते. तिथे त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवलं, छापा आला ५,०६७ वेळा. नाणं खोटं होतं का? खरं असेल तर सरासरी ५,०००, प्रमाण विचलन म्हणजे प्रचरणाचं वर्गमूळ, इथे १०,००० गुणिले पाव याचं वर्गमूळ, म्हणजे ५०. आलेला आकडा सरासरीपासून ६७ ने दूर, म्हणजे १.३४ प्रमाण विचलनं. तक्त्यात बघ, एवढा किंवा याहून जास्त फरक, दोन्ही बाजू धरून, शंभरात साधारण अठरा वेळा पडेल. नाण्यावर संशय घेण्यासारखं काही नाही.

भाषेचंही बोलायला हवं, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे गुण इथे हकनाक जातात. ‘ॲट लीस्ट थ्री’ म्हणजे किमान तीन, त्यात तीन धरायचा. ‘मोअर दॅन थ्री’ म्हणजे तिनाहून जास्त, त्यात तीन नाही. ‘नॉट मोअर दॅन थ्री’ म्हणजे फार तर तीन, यात तो पुन्हा आला. डोक्यात अर्थ लावत बसू नकोस. एक्सच्या सगळ्या किमती ओळीने लिही, ० १ २ ३ ४, आणि हव्या त्यांना गोल कर. गोल जास्त झाले तर उरलेल्यांची बेरीज करून एकातून वजा कर. चार आंब्यांत किमान एक डागी? एकातून ०.३१६४ गेले, ०.६८३६. संपलं.

पुढच्या आठवड्यापासून गणितांना लाग, पण अशी. वेगवेगळ्या धड्यांतली साठेक गणितं चिठ्ठ्यांवर उतरव. धड्याचं नाव लिहायचं नाही, मागच्या बाजूला फक्त पान क्रमांक. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात टाकून हलव आणि रोज दहा काढ. सोडवू नकोस! ‘एक्स म्हणजे…’ हे वाक्य लिही, एक्सच्या किमती कुठून कुठपर्यंत जातात ते लिही, गणितात काय ठरलेलं आहे आणि काय अनिश्चित आहे ते लिही. मग वितरणाचं नाव. मग पान उघडून पडताळ. दहांपैकी फक्त दोन शेवटपर्यंत सोडव, आणि त्यातही संभाव्यतांची बेरीज एक येते का ते न विसरता बघ. पहिले तीन-चार दिवस दहांत पाच-सहा चुकतील, चुकू देत. चुकलेली चिठ्ठी परत डब्यात टाक, जमलेली बाजूला काढ. डब्यात काय उरत जातं त्यावरून तुझी तुला कळेल नेमकी कच्ची जागा कुठली. माझा अंदाज आहे की तिथे हायपरजॉमेट्रिकच्या चिठ्ठ्या शेवटपर्यंत रेंगाळतील, बहुतेकांच्या रेंगाळतात.

सरांना दोन एक्सबद्दल जरूर विचार. वर्गात नको वाटत असेल तर तास संपल्यावर विचार. मी शिकत असताना हाच प्रश्न मनात ठेवून पूर्ण वर्ष काढलं, आणि त्या वर्षातलं पुढचं सगळं शिकणं अर्धवट राहिलं. ते भरून काढायला नंतर फार कष्ट पडले. तुझ्यावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

आणि आज रात्री जेवणं झाली की घरच्यांना बसवून चार कवड्या शंभर वेळा टाक. एकाने टाकायच्या, एकाने मोजायच्या, तू वहीत प्रत्येक वेळी ‘उताण्या किती’ लिही. शंभर दानांतल्या सगळ्या उताण्यांची बेरीज करून ४०० ने भाग, ती तुझ्या कवड्यांची पी, म्हणजे एक कवडी उताणी पडण्याची शक्यता. ती वापरून शून्य ते चारपर्यंतच्या अपेक्षित संख्या काढ आणि खऱ्या आकड्यांशेजारी मांड. जवळ आले तर द्विपद बसलं. फारच दूर गेले तर एखादी कवडी बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे का ते तपास, लहान-मोठ्या कवड्या एकत्र आल्या की पी एकच राहत नाही. कवड्या मिळाल्याच नाहीत तर चिंचोके फोडून घे, पांढरी बाजू वर आली की उताणी धर. फक्त चिंचोक्यांची पी वेगळी असणार, तेव्हा ती पहिल्यापासून मोजावी लागेल.